खोटी दे, खरी ने

तात्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघायचे. लग्नपत्रिका दिली तर आतला मजकूर राहिला बाजूला, मागं छापखान्याचं नाव कुठलं ते बघणार. चहाची बशी दिली की आधी बशीचं बूड. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला तासगावला गेले, तर सगळी मंडळी पुढच्या दारानं बैठकीत जाऊन बसली आणि हे घराला वळसा घालून थेट परसात! मुलीची आई तिथं भांडी घासत बसलेली. ती बिचारी दचकली. तात्या म्हणाले, "घाबरू नका वैनी. म्होरनं सगळीच घरं झ्याक दिसत्यात. म्हनलं, जरा मागनं बगावं." मागं त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, पण लग्न जमलं आणि आजवर उत्तम चाललंय.

"तोंड कुणीबी रंगवतंय गं. पाठ दाव!" हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. सात वर्षं ऐकलं. गेल्या दिवाळीनंतर तात्या गेले, आणि आता कारखान्यात एखादा बिल्ला हातात घेतला की तो उलटा करताना माझ्याच तोंडून ते वाक्य येतं. बाजूच्या बायका हसतात. हसू देत.

कारखाना म्हणजे कुपवाडचा आमचा बिल्ल्यांचा कारखाना. शाळांचे बिल्ले, बँकांच्या पिना, स्पर्धांची पदकं, सगळं आमच्याकडं होतं. पितळेच्या पत्र्यावर ठसा मारायचा, खोलगट जागेत मीना भरायचा, म्हणजे काचेसारखा कडक होणारा रंग, भट्टीत भाजायचा, घासायचा, चमकवायचा. माझं काम शेवटचं. माल बघायचा आणि पास-नापास करायचा. नऊ वर्षं ते केल्यावर माणसाला जरा गुर्मी येतेच. मला तर भरपूर होती.

आणि अशा भर गुर्मीत असताना एका दुपारी हा माणूस दारात उभा. काळा, सडपातळ, सरळ उभा राहणारा. डोक्यावर हिरवी कापडी टोपी आणि टोपीवर पिनाच पिना! देशोदेशीचे झेंडे, मासे, अस्वलं, धावणारी माणसं. टोपी वजनानं डाव्या कानावर कललेली. मला वाटलं, जत्रेत काहीतरी विकणारा असणार. त्यानं माझ्या टेबलावर दोन पिना ठेवल्या. दोन्हीवर तोच लाल पक्षी, तेच पिवळे पंख.

"ह्यातली खोटी कंची?"

मी भिंग लावलं, उजेडात धरल्या, आणि जी जरा मळकट होती ती उचलून म्हटलं, "ही."

"बरूबर उलटं," तो म्हणाला. "ती खरी हाय. ही चमकतीया ती खोटी. आता पाठ दाव बगू दोनीची."

मला असा राग आला म्हणता! नऊ वर्षांत मला कुणी नापास केलं नव्हतं. पण पिना उलट्या केल्या आणि राग जागच्या जागी विरला. खऱ्या पिनेच्या पाठीवर बारीक जाळीची नक्षी होती आणि ती थेट काठापर्यंत गेली होती. खोटीच्या पाठीवरही तीच नक्षी, पण काठाच्या अलीकडंच थांबलेली, भोवती गुळगुळीत पट्टी. का? तर खरीत पत्र्यावर आधी नक्षी उठवतात आणि मग पिन कापतात. खोटी ओततात साच्यात, म्हणून तिला काठ येतो. हे मला कळायला हवं होतं. माझंच तर काम ते! मी खाली मान घालून म्हटलं, "बसा. चहा घेणार?" ते बसले, आणि चहा आल्यावर बशी उलटी करून बघितली.

त्यांचं नाव विष्णू. सगळे तात्या म्हणायचे. मूळ गाव साताऱ्याकडचं, राहायला मिरजेला. फौजेत होते, पण त्यांनी बंदूक चालवली त्यापेक्षा तेल जास्त चोळलं. फौजेच्या धावपटूंच्या चमूबरोबर ते मालिशवाले म्हणून हिंडायचे. परदेशातसुद्धा गेले. तिथल्या मोठ्या स्पर्धांत एक रिवाज आहे. प्रत्येक देशाचे खेळाडू आपापल्या पिना घेऊन येतात आणि एकमेकांशी बदलतात. पैशाचा संबंध नाही. पिनेला पिन. भाषा येत नसली तरी चालतं. छातीवरच्या पिनेकडं बोट दाखवायचं, आपली पुढं करायची, हसायचं. तात्यांनी अशी अर्धी दुनिया गोळा केली होती. आता तर हा नाद आपल्याकडंही आलाय. सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून आमचा फोनवर एक गट आहे, दोन महिन्यांनी कुठंतरी एकत्र बसतो, पिना मांडतो, बदलतो. नादाच्या मागोमाग नकलाही आल्या. फोनवर मागवल्या की डझनानं येतात, चकचकीत. त्यात खरी एक नसते.

मला त्यांनी शिकवलं त्याला शाळा म्हणता येणार नाही, छळ म्हणता येईल. डोळे मिटून बसवायचे आणि हातात पिन द्यायचे. "काठावरनं अंगठा फिरीव. टोचतंय का?" टोचलं तर खोटी. खरीचा काठ घासून गुळगुळीत केलेला असतो. "आता मीन्यावरनं नख फिरीव. खड्डा लागतुया?" लागला तर संशय. मग टेबलाच्या काचेवर टाकायची आणि आवाज ऐकायचा. मग चुंबक. पितळ चिकटत नाही, लोखंड धावत येतं. मालिश करणाऱ्याची बोटं ती, त्यांना भिंग कशाला लागतंय? पोटरीतली गाठ जशी सापडायची तशी पिनेतली खोट सापडायची. मी बरोबर ओळखलं की शाबासकी नाही, नुसतं "हं". चुकले की मात्र, "आगं, कारखान्यात काय झोपा काढतीस का काय!"

पण खोटी पिन सापडल्यावर तात्या काय करायचे, ते ऐका. साताऱ्याच्या बैठकीत मिरजेचे एक डॉक्टर आले होते. हौशी माणूस. नव्या डबीत बारा पिना मांडून आणलेल्या, मखमलीवर. सगळ्यांनी वाहवा केली. तात्यांनी एकेक उचलली, उलटी केली, ठेवली. बारावी ठेवली आणि म्हणाले, "डाक्टर, बाराच्या बारा खोट्या."

डॉक्टरांचं तोंड लालबुंद झालं. "तुम्ही काय प्रयोगशाळेत तपासल्या काय? असं चारचौघांत बोलायची पद्धत आहे का ही?"

"आवं, तुमी पेशंटाला रिपोट सांगताय का न्हाई? का तो नाराज हुईल म्हणून बरा हाय म्हणताय?"

बैठकीत हशा पिकला. डॉक्टर डबी बंद करून उठायला लागले, तर तात्यांनी त्यांचा हात धरला. टोपी काढली, तिच्यावरची एक निळी पिन सोडवली आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. अस्सल, तात्यांनी स्वतः एका परदेशी पोहणाऱ्याकडून घेतलेली. "ही घ्या. आन त्या बारा मला द्या. माझी रीत हाय. खोटी दे, खरी ने."

असं कोण करतं हो? पण तात्या करायचे. कुणाकडं खोटी पिन दिसली की ती मागून घ्यायचे आणि बदल्यात आपली एक खरी द्यायचे. खोट्या सगळ्या घरी पत्र्याच्या एका पेटीत जायच्या, पुन्हा बाहेर यायच्या नाहीत. टोपीवरच्या पिना वर्षागणिक कमी होत होत्या आणि पेटी भरत होती. मी वैतागून विचारायची, "तात्या, असं करत राहिलात तर तुमच्याकडं काय उरणार?" ते म्हणायचे, "टोपी हलकी व्हतीया. मान दुखायची र्‍हायली." मला तेव्हा वाटायचं, स्वभावच आहे माणसाचा.

त्या पेटीत एका पिनेचे सहा नमुने होते. पांढरा मीना, लाल काठ, मधे पळणारा माणूस. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका परदेशी स्पर्धेची पिन. तात्यांनी मला तिची गंमत सांगितली होती. खेळाडूंना दिलेल्या खऱ्या पिनेच्या पाठीवर आकडा ठोकलेला असायचा, ज्या खेळाडूच्या छातीवर जो क्रमांक तोच त्याच्या पिनेवर. नक्कल करणाऱ्यांच्या हाती कुठून तरी चौऱ्याऐंशी नंबरची पिन लागली. त्यांनी तिचाच साचा केला, आकड्यासकट! त्यामुळं जगातल्या सगळ्या खोट्या पिनांवर चौऱ्याऐंशी. मी पोट धरून हसले होते. तात्या हसले नव्हते, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या गटावर एका बाईंचा निरोप आला. वनिता नाव. कोयनानगरला शाळेत खेळाच्या शिक्षिका. निरोपासोबत दोन फोटो होते. एकात कापडाचा चौकोनी तुकडा, त्यावर काळ्या रंगात २१७. दुसऱ्यात पांढरी पिन, लाल काठ, पळणारा माणूस. खाली लिहिलेलं, 'माझे वडील शामराव फौजेत धावपटू होते. या स्पर्धेला गेले होते. शाळेच्या नव्या मैदानाला त्यांचं नाव द्यायचं ठरतंय, पण समितीला पुरावा हवा आहे. ही पिन खरी आहे असं कुणी जाणकार लेखी देईल का?'

मी तर उडालेच! आपल्या कोयनेचा माणूस, त्या स्पर्धेला! पण फोटो फक्त पुढचा होता. मी स्कूटर काढली आणि तडक मिरजेला तात्यांकडं. "तात्या, बघा तरी काय आलंय!" म्हणून फोन पुढं धरला. तात्यांनी फोन हातात घेतला. फोन काही उलटा केला नाही. मग म्हणाले, "जायाचं. कवा बसतीया समिती?"

"शनिवारी."

"मग शनवारी."

माझ्या नवऱ्याची जुनी गाडी घेऊन आम्ही निघालो. कऱ्हाडपर्यंत मी एकटीच बडबडत होते. पिन खरी निघाली तर काय, आपल्या गटाचं केवढं नाव होईल, वर्तमानपत्रात येईल. तात्या शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसलेले. पाटण मागं पडलं, वळणं सुरू झाली. एका वळणावर ते आपणहून बोलले, "हितं पळायचा त्यो. शाम. खालनं वर. धरणाची गाडी वर चढायची तवर ह्यो वर जाऊन बसलेला."

"म्हणजे तुम्ही त्यांना ओळखत होता?" मी ब्रेकच दाबला. "आणि हे आत्ता सांगताय?"

"म्होरं बगून चालीव," तात्या म्हणाले.

शाळेच्या खोलीत समिती बसली होती. कपाटं भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली, कोयनेत भूकंपाच्या भीतीनं ती तशीच असतात. वनिता पस्तिशीची, अंगात ट्रॅकसूट, बोलताना हातांच्या मुठी वळलेल्या. आणि समोर शेवाळे अण्णा. धरणावरून निवृत्त झालेले, समितीचे म्होरके. मी त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच मनातल्या मनात खलनायक करून टाकलं होतं, पण माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"बाई, राग मानू नका. तुमचे वडील आमच्या गावचे, आमाला काय त्यांचं वाईट करायचंय का? पर त्या स्पर्धेच्या निकालात त्यांचं नाव न्हाई. कापडावर आकडा काय, शिंपीबी रंगवून देतोय. पोरं त्या मैदानावर आयुष्यभर पळणार. नाव एकदाच लागतंय. खरं आसलं तर मीच नारळ फोडतो."

वनिता म्हणाली, "निकालात नाव नाही कारण शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांची पोटरी धरली. ते पळलेच नाहीत. पण गेले होते. गावात लोक तोंडावर म्हणतात हो, शामराव फौजेत भाकऱ्या भाजत होता. बाबा असते तर हसून सोडून दिलं असतं. मला नाही सोडवत." आणि तिनं हातरुमालातून पिन काढून तात्यांसमोर ठेवली.

तात्यांनी ती उचलली. आणि उलटी केली नाही! सात वर्षांत पहिल्यांदा मी बघत होते. अंगठा नुसता पुढच्या मीन्यावरून फिरत होता, परत परत. शेवटी शेवाळे अण्णाच म्हणाले, "उलटी करा की. मी बगितलीया. कापडावर दोनशे सतरा आन पिनंवर चौऱ्याऐंशी. मेळ कुठं बसतोय?"

चौऱ्याऐंशी! पत्र्याच्या पेटीतल्या त्या सहा पिना डोळ्यांपुढं आल्या. म्हणजे शामराव खरंच... मी वनिताकडं बघितलं. ती तात्यांकडं बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशी. तात्यांनी 'खरी आहे' एवढे दोन शब्द म्हटले असते तर सगळ्यांनी मानले असते. अख्ख्या खोलीत खरं-खोटं कळणारे आम्ही दोघंच होतो, आणि मी गप्प बसले असते. शपथेवर सांगते, मी मनात म्हणत होते, तात्या, आयुष्यात एकदा खोटं बोला हो!

"खोटी हाय," तात्या म्हणाले.

वनितानं डोळे मिटले. अण्णांनी सुस्कारा सोडून वही ओढली.

"थांबा. लिवू नका. माझं बोलणं सपलं न्हाई," तात्या उभे राहिले. "पिन खोटी हाय. शाम खरा हाय. ही खोटी पिन त्याला म्या दिली."

आणि मग त्यांनी सांगितलं. ते आणि शामराव त्या स्पर्धेला एकाच चमूत होते. शामरावांची पोटरी धरली तेव्हा रात्रभर मालिश यांनीच केलं, पण पाय सुटला नाही. शर्यत दुसरेच पळाले. शामरावांनी रागारागात आपली पिन काढून तात्यांच्या अंगावर फेकली, पळलोच न्हाई तर मला कशाला ही, म्हणून. खेळाडूंची पिन तात्यांना मिळणार नव्हती. मालिशवाल्यांना साधी निळी, तिच्यावर आकडा नाही. हातात पडली आणि तात्यांना तिचा मोह झाला. परत निघायच्या दिवशी शामराव आले, राग उतरलेला. म्हणाले, विष्णू, दे माझी पिन, घरी काय दावू?

"आन माझं मन फिरलं," तात्या म्हणाले. "म्हनलं, संध्याकाळी देतो. मैदानाच्या दारात एकजण तसल्याच पिना इकत हुता. हुबेहूब. त्यातली एक आणली आन शामच्या हातावर ठिवली. घे तुझी, म्हनलं. त्यानं घेतली, खिशात घातली. पाठीवर आकडा असतुया हे मला म्हाईतच नव्हतं. म्या कवा उलटी करून बगितलीच नव्हती! लय वरसांनी दुसऱ्या देशात एका म्हाताऱ्यानं मला दावलं, आकडा काय आसतोय ते. तवा कळलं आपण काय केलंया. मिरजंपासनं कोयना किती लांब हाय? सकाळी निगालं तर दुपारी माणूस पोचतंय. मला जाता आलं न्हाई. उद्या जाऊ, परवा जाऊ. आन एक दिवस कळलं, शाम गेला."

खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. उलगडली. पांढरी पिन, लाल काठ, जरा मळकट. त्यांनी ती टेबलावर पाठ वर करून ठेवली. दोनशे सतरा.

अण्णा उठले. कापडाचा तुकडा जवळ घेतला, चष्मा पुसला, पिनेवर वाकले. मग माझ्याकडं बघितलं. मी पिन घेतली. काठ गुळगुळीत, नक्षी काठापर्यंत, मीन्याला खड्डा नाही, आकडा ठोकलेला, ओतलेला नव्हे. आवाज आला तो कारखान्यातलाच. "खरी आहे. मी लिहून देते."

"आन म्या सोबत हुतो, त्येबी लिवून देतो," तात्या म्हणाले. "पोरी, गावानं तुज्या बापाला खोटं म्हनलं ते माज्यापायी. काय शिक्षा करायची ती कर. खोटी दे मला, आन खरी ने."

एवढ्या वर्षांच्या त्या रीतीचं मूळ मला त्या क्षणी कळलं, आणि मला रडूच फुटलं. दरवेळी कुणालातरी खरी पिन देताना हा माणूस कुणाला देत होता!

वनिता दोन्ही पिना तळहातावर घेऊन बसली होती. मला वाटलं, आता ही फाडून खाणार, आणि खावंच. पण तिनं मान वर केली तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"तात्या, बाबा ही पिन पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला कोटावर लावायचे. आदल्या दिवशी चिंचेनं घासायचे. पुढून, मग मागून. बघा, आकडा झिजलाय घासून घासून. आणि छातीवरचा नंबर त्यांच्या ट्रंकेत वर ठेवलेला असायचा. तुम्हाला काय वाटतं, बाबांनी चौऱ्याऐंशी कधी वाचलं नसेल?"

तात्या तिच्या तळहातावर वाकले.

"आम्ही लहानपणी विचारायचो, बाबा, ही स्पर्धेत मिळाली का? ते म्हणायचे, न्हाई. ही मला माझ्या मालिशवाल्या दोस्तानं दिली. प्रत्येक वेळी हेच. आम्हाला वाटायचं, बाबा गंमत करतात."

तात्या हळूच खाली बसले. आयुष्यभर जगाच्या पाठी बघत हिंडलेला माणूस, आणि शामनं पिन उलटी केली असेल ही एक साधी गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आली नव्हती!

"मग त्यानं मला इचारलं का न्हाई?" तात्या पुटपुटले.

"ते मला काय माहीत?" वनिता म्हणाली. तिनं खरी पिन शेवाळे अण्णांच्या पुढं सरकवली. "ही शाळेत ठेवा. आणि तात्या, ही खोटी काही मी तुम्हाला देणार नाही. बाबांची आहे ती."

"आगं, पर ती खोटी हाय..."

"असू दे."

तात्यांनी हात पुढं केलेला होता, तो तसाच राहिला, मग त्यांनी त्याच हातानं डोळे पुसले. अण्णा म्हणाले, "आता नारळ आणायला कुणाला तरी धाडा रं, मी शब्द दिलाया." आणि सगळी खोली एकदम बोलायला लागली.

परतीच्या वाटेवर वळणं संपली. पाटणच्या टपरीजवळ मी चहाला गाडी थांबवली, आणि दार उघडून तात्या जे उतरले ते ओरडतच! "त्याला म्हाईत हुतं! आगं सुजाता, त्याला पयल्यापासनं म्हाईत हुतं!" चहावाला किटली हातात धरून बघत राहिला. तात्यांनी त्यालाच धरलं. बाकावर बसवलं आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली, पोटरी धरली तिथपासून. स्वतःला कुठं सोडलं नाही. चोर म्हणाले, लबाड म्हणाले, भेकड म्हणाले, आणि प्रत्येक शिवीगणिक चेहरा जास्तच फुलत चालला होता.

चहावाल्यानं शेवटी विचारलं, "मग त्यो तुमच्यासंगं भांडला का न्हाई?"

"तेच तर म्हणतोय मी गड्या!" तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आरं, मरस्तवर कोटाला लावून हिंडला! आन इचारलं तर माझं नाव दोस्त म्हणून सांगितलं!"

मिरजेला पोचेपर्यंत आम्ही पाच ठिकाणी चहा घेतला. मला चहानं मळमळायला लागलं होतं, पण प्रत्येक टपरी दिसली की तात्या म्हणायचे, "थांबीव, हितं अजून कुणाला ठावं न्हाई."